थांबा म्हणण्याचा अधिकार

१६ जुलै २०१२, सोमवार. फुलचूर, गोंदिया.

पुष्पांजली मनिराम कापगते, आज मी तुझे संपूर्ण नाव भर वर्गात उच्चारले. समाजरंगभूमीच्या पदविका वर्गाचा पहिला दिवस होता. प्रा. नीतू बिसेन यांनी प्रत्येकाला येथे येण्याचे कारण विचारले. मी उभा राहून म्हणालो, “या वर्गात प्रवेश घेण्याचे माझ्या पत्नीने ठरवले होते. मार्च महिन्यात मेंदूच्या हिवतापाने तिचे निधन झाले. तिची इच्छा अपुरी राहू नये, एवढेच कारण आहे.”  मग मागच्या बाकावरून तिलक नावाचा एक मुलगा म्हणाला, “मतलब अंकल, हीरोइन के बिना ही पिक्चर बनाओगे?” मुले हसली, आणि लगेच घाबरून थांबली. मला हसू आले. तू गेल्यापासून असे प्रथमच घडले, म्हणून नोंद करतो.

तू म्हणायचीस की आपल्या गावच्या नाटकांत मी जन्मभर तिकीटखिडकीत बसलो आणि एकही अंक धड पाहिला नाही. ते खरे आहे. पाटबंधारे कार्यालयातून निवृत्त झाल्यावर पाहू, असे मी म्हणत असे.

प्रा. बिसेन यांनी दैनंदिनी ठेवण्यास सांगितले आहे. ती कोणाला दाखवण्याची सक्ती नाही. मी ती तुला उद्देशून लिहीन.

२९ जुलै, रविवार

या रंगभूमीची पद्धत तुला ठाऊक असेलच. मला ती आता समजू लागली आहे. गावातील माणसांनी स्वतःच्याच एखाद्या अडचणीचे नाटुकले रचायचे. ते जेथे बिघडते तेथपर्यंत एकदा करून दाखवायचे. मग तेच पुन्हा सुरू करायचे. या दुसऱ्या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही उठून ‘थांबा’ म्हणू शकतो. ज्या पात्रावर अन्याय होतो आहे त्याच्या जागी जाऊन उभे राहायचे आणि आपण काय केले असते ते करून दाखवायचे. त्याचे संपेपर्यंत त्याला अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. नियम स्वच्छ आहे. मला नियम स्वच्छ असलेले आवडतात.

प्रात्यक्षिकासाठी मी खैरबोडी हे गाव निवडले. इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळील याच गावी तू नोकरीची पहिली वर्षे काढलीस. बल्लारशा गाडीने अर्जुनीपर्यंत आणि पुढे एसटीने गेलो. शेतांत धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू असल्याने गाव रिकामे होते. शांतीबाई भेटल्या. त्यांची दोन्ही मुले तुझ्या हाताखाली शिकली. आता त्या एकट्या राहतात. “बाईचे मालक तुमी? या, बसा. बाई गेली म्हणून आयकलं, मंग त्या दिवशी चूल नाई पेटवली मी,” असे म्हणून त्यांनी पाट दिला आणि स्वतः अंगणाकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिल्या.

समाजमंदिराचे सभागृह पोलीस पाटील श्री. नंदलाल यांच्या ताब्यात असते. त्यांनी ते तत्काळ उघडून दिले आणि मला घरी नेले. अत्यंत विनयशील गृहस्थ आहेत. आम्हाला पाहून आत गेलेल्या एका बाईने चहा उंबऱ्याच्या आतूनच ठेवला. तो त्यांनी स्वतः उचलून मला दिला. ती त्यांच्या धाकट्या भावाची पत्नी, नाव रविता. भाऊ उदाराम सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो. आपल्याकडची जुनी रीत या घरात अजून पाळली जाते, हे पाहून बरे वाटले: धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, उभे राहायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, त्याने तिला स्पर्श करायचा नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

नऊ बायका आणि चार पुरुष जमले. पुरुषांत उमेंद्र नावाचा तरुण आहे. तो दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, राधेचे काम करतो आणि गावात त्याच नावाने ओळखला जातो. “उमेंद्र नको म्हणा, सर, राधा म्हणा. मायही तेच म्हणते आता,” असे तो म्हणाला. शांतीबाई म्हणाल्या, “तुह्या लगनात नवरी कोन अन् नवरदेव कोन, तेच समजनार नाई लोकाइले.” सगळे हसले.

आज ‘जिवंत चित्र’ हा अभ्यास घेतला. शब्द न वापरता, केवळ शरीराने, ‘माझे घर’ दाखवायचे आणि तसेच स्थिर राहायचे. कोणी दळण दळताना, कोणी मुलाला पाजताना उभे राहिले. रविताने मात्र कोपऱ्यात बसून पाठ दाराला टेकवली, पाय समोर ताठ रेटले आणि एक हात वर करून कडीवर धरून ठेवला. तेवढ्यात नंदलाल पाटील कोणाला तरी बोलावण्यासाठी सभागृहाच्या दारात आले. रविता चित्र न मोडता तशीच राहिली. केवळ पदर खाली ओढला आणि डोळे मिटले.

मी गटाला विचारले, हे चित्र काय सांगते? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मीच म्हणालो की परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या पत्नीचे हे चित्र आहे, आणि भासऱ्याचा मान राखण्याचे संस्कारही त्यात दिसले. रविताने मान हलवली नाही. शांतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना बहुधा माझी भाषा पुस्तकी वाटली असावी.

९ सप्टेंबर, रविवार

बायकांनी एकमताने ठरवले: नाटुकले रविताच्या चित्रावरून करायचे. एक सून. नवरा परगावी. घरात आणखी एक माणूस. संध्याकाळी सून दार लावून घेते. एवढीच गोष्ट. मी विचारले, “हा दुसरा माणूस कोण? चोर का?” शांतीबाई म्हणाल्या, “चोरच समजा, सर. पन घरातला.” मी वहीत ‘घरातील चोर: दागिने?’ असे टिपले.

मंडईच्या दिवशी दुपारी प्रयोग करायचा आहे. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, रात्री मोठे नाटक असते, त्याआधी आमचे. गावातील बाई भर मंडईत तोंडाला रंग लावून उभी राहणार नाही, म्हणून सुनेचे काम उमेंद्र करणार. दंडारीत पूर्वापार असेच चालते. हसत हसत काम घेणारा उमेंद्र आज का कोण जाणे गंभीर होता. “करतो, सर. पन मी तं बसतो निस्ता दारापाशी. उठाचं तिलेच लागन,” एवढेच म्हणाला. अभिनयात नम्रता हवी. ती त्याच्यापाशी आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

आज मला अतिशय समाधान वाटले. रविता प्रथमच स्वतःहून बोलली.

“सर, ते थांबा म्हनाचं हाय ना, ते कोनीबी म्हनू शकते?”

“कोणीही.”

“बाईबी?”

“बाईसुद्धा.”

“अन् समोर भासरा बसला असन तं?”

मी सांगितले की नाटकाच्या जागेत नाते लागू नसते. ती त्या वेळी त्याची भावजय नव्हे, पात्र असते. म्हणून भासऱ्यासमोर उभे राहिल्याचा आणि बोलल्याचा दोषही लागत नाही.

“अन् मधात कोनी अडवलं तं?”

“तिचे संपेपर्यंत कोणीही अडवू शकत नाही. पोलीस पाटील असले तरी.”

“सारं गाव आयकन?”

“त्यासाठीच तर मंडई.”

तिने शांतीबाईंकडे पाहिले. शांतीबाई म्हणाल्या, “मी म्हनत नव्हती तुले?” दोघींनी एकमेकींचा हात धरला. पुष्पांजली, तुझ्या वर्गात मुलांना जेव्हा प्रथम वाचता येई तेव्हा तू जे सांगायचीस, ते मला आज कळले. नियम समजल्याचा आनंद एवढा असू शकतो.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रा. बिसेन यांचे व्याख्यान: ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. परवानगीवाचून कोणाच्या घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक होय. तिलकने विचारले, “मॅडम, और जिसके खिलाफ नाटक है, उससे भी पूछें क्या?” त्या म्हणाल्या, “त्याला विचारलंस तर नाटक होईल का, बाबा?” मुले हसली.

मी मात्र अस्वस्थ झालो. रविताच्या घरचे चित्र वापरतो आहोत आणि घरच्या कर्त्या पुरुषाला मी विचारलेलेच नाही. उदाराम सुरतेला आहे. म्हणजे थोरल्या भावास विचारणे प्राप्त आहे. कर्तव्य लवकर उरकले पाहिजे.

४ नोव्हेंबर, रविवार

कर्तव्य उरकले.

नंदलाल पाटील ओट्यावर बसले होते. मी त्यांना सर्व रीतसर सांगितले: चित्र, कडी, घरातील चोर, दाराशी बसलेली सून. ते शांतपणे ऐकत होते. मध्येच सुपारी कातरणे थांबले, पुन्हा सुरू झाले.

“चांगला इषय घेतला, सर. पोरगी हुशार हाय आमची. हे तिनं सांगितलं?”

“शब्दाने नाही. चित्राने.”

“अस्सं. अन् मंग मंडईत ते कोनीबी उठून बोलू शकते म्हनता?”

“होय. रवितानेच याविषयी फार मार्मिक प्रश्न विचारले. भासऱ्यासमोर बोलता येईल का, हेसुद्धा विचारले. मी तिची शंका दूर केली.”

“तिनं इचारलं?” ते हसले. “आमच्याशी तं सात वर्षांत एक शब्द नाई बोलली. मान ठेवते ना.” आणि मग म्हणाले, “करा, सर. माही परवानगी हाय. मी सोता पुढं बसतो.”

इतक्या सहजपणे परवानगी मिळेल असे वाटले नव्हते. निघताना त्यांनी मला बसथांब्यापर्यंत मोटारसायकलवर सोडले. मागे वळून पाहिले तेव्हा रविता धान वाळवण्याच्या अंगणात उभी होती. मी नमस्कार केला. तिने केला नाही. आमचे बोलणे तिने ऐकले असावे.

११ नोव्हेंबर, रविवार

रविता तालमीस आली नाही. नंदलाल पाटलांनी निरोप दिला की ती दिवाळीसाठी माहेरी गेली.

शांतीबाई म्हणाल्या, “माहेरी? धान कापाच्या दिवसात? अन् मले सांगितल्याबिगर?” मी म्हणालो, पाटलांनी स्वतः सांगितले आहे. “तेच तं,” त्या म्हणाल्या. “तुमी त्याइले काही बोलले का, सर?”

मी सांगितले की घरच्या कर्त्याची परवानगी रीतसर घेतली.

त्या खाली बसल्या.   मग म्हणाल्या, “बाई असती तं त्या चित्राले पाहूनच समजली असती.” आणि तालीम अर्धी सोडून गेल्या. उमेंद्र म्हणाला, “सर, तुमी खरंच नाई समजले काय?” मी म्हणालो, काय समजायचे आहे ते स्पष्ट सांगावे. त्याने दाराकडे पाहिले. बाहेर पाटलांची मोटारसायकल उभी होती. तो सतरंजी गुंडाळू लागला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार. भाऊबीज.

दिवसभर घरी. कोणी आले नाही. दुपारी स्वयंपाकघरात बसलो असता मी नकळत पाठ दाराला टेकवून पाय समोर ठेवून पाहिले. कडीपर्यंत हात नेला. असे बसून कोणी कोणाची वाट पाहत नाही, पुष्पांजली. वाट पाहणारा माणूस दाराकडे तोंड करतो.

मी ताबडतोब प्रा. बिसेन यांना दूरध्वनी केला. लागला नाही. दिवाळीची सुट्टी आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

खैरबोडीस जाऊन आलो. पाटलांचे घर बंद. शेजारी म्हणाले, सगळे शेतात. शांतीबाईंनी रविताच्या माहेरच्या गावाचे नाव सांगितले. तिच्या माहेरी दूरध्वनी नाही. तिचे वडील ग्यानीराम दरवर्षी मंडईला येतात, तेव्हा समोरासमोर विचारू, असे त्या म्हणाल्या. उमेंद्रने सुरतेला उदारामला दूरध्वनी लावून दिला. तो म्हणाला, “दादा म्हनते माहेरी हाय, तं माहेरीच हाय. तुमी कोन?” 

अर्जुनीच्या ठाण्यात गेलो. तेथील जमादार सौजन्याने म्हणाले की गावच्या पोलीस पाटलांकडून लेखी खबर आल्यास अवश्य चौकशी करू.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. मंडई.

शक्य तितके क्रमाने लिहितो.

दुपारी चौकात गर्दी होती. पाळणे, खाजा मिठाईची दुकाने, पाहुण्यांच्या बैलगाड्या. पाटील पुढच्या सतरंजीवर बसले होते, बाजूला सरपंच. बायका ओट्यांवर. मी प्रयोग रद्द करावा असे शांतीबाईंना सुचवले होते. “आता कायले रद्द करता?” त्या म्हणाल्या. “आता तं कराच लागन.”

पहिल्यांदा प्रयोग झाला तेव्हा लोक हसले. उमेंद्रला साडीत पाहून शिट्ट्या वाजल्या. “राधे, इकडं पाह्य!” असे कोणी ओरडले. मग त्याने पाठ दाराला टेकवली, पाय रेटले, हात कडीवर नेला. हसणे बायकांच्या बाजूकडून थांबत आले. मी इतका वेळ टिकलेली शांतता कोणत्याही मंडईत ऐकलेली नाही. नंदलाल पाटील तेवढे टाळ्या वाजवत होते.

नियमाप्रमाणे मी जाहीर केले की आता हेच पुन्हा होईल आणि कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो. माझा आवाज मला परका वाटला. उमेंद्र पुन्हा बसला. पुन्हा हात कडीवर नेला.

“थांबा.”

शांतीबाई ओट्यावरून उतरल्या. उमेंद्र उठून बाजूला झाला. त्या दाराशी बसतील असे मला वाटले, बसल्या नाहीत. लोकांकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “मी सून नाई. सून आज इथं पायजे होती. रविता कुठी हाय?”

“माहेरी,” पाटील बसल्या जागेवरून म्हणाले. “शांते, नाटक कर. घरच्या गोष्टी कायले काढतं?”

“नाटकच तं करून राहिली मी, भाऊ. सर, मले अडवता येते का कोनाले?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.  मी म्हणालो, “नाही. यांचे संपेपर्यंत कोणालाही अडवता येत नाही.”

“मंग ग्यानीराम पाहुने,” शांतीबाई म्हणाल्या, “उठा जरा. तुमची पोरगी तुमच्या घरी हाय का?”

पाळण्याजवळच्या गर्दीतून एक वयस्कर गृहस्थ उठले. हातात मुलीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पुडी होती. ते गोंधळून एकदा शांतीबाईंकडे, एकदा पाटलांकडे पाहत राहिले.

“माह्या घरी?” ते म्हणाले. “माह्या घरी तं नाई आली. मी तिलेच न्याले आलो. पाटील म्हनाले, शेतावर गेली.”

 पाटील उठले, धोतर झटकले, “पोरगी कोनाचा हात धरून पळाली असन, मी तं इज्जत झाकून राहिलो होतो,” असे म्हणाले. आणि त्यांनी उमेंद्रकडे बोट दाखवले. “यालेच इचारा.”

क्षणभर मला वाटले, गाव उमेंद्रवर धावून जाईल. काही तरुण पुढे सरकलेही. पण बायका ओट्यांवरून उतरल्या. कोणी हाक दिली नव्हती. त्या पाटलांच्या शेताच्या दिशेने चालू लागल्या आणि उमेंद्र साडी वर खोचून त्यांच्या पुढे धावत सुटला.

कालव्याकाठी पंपाची खोली आहे. बाहेरून कुलूप होते. उमेंद्रने दगडाने ते तोडले.

ती जिवंत आहे.

२४ नोव्हेंबर, शनिवार. गोंदिया, रुग्णालय.

तिचा डावा पाय मोडला आहे. अंगावर जुन्या आणि नव्या खुणा आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेले सर्व येथे लिहीत नाही. ते तिचे आहे.

मी अर्जुनीच्या ठाण्यात जाऊन, पाटलांना मी कोणत्या दिवशी काय सांगितले ते शब्दशः नोंदवले. जमादार म्हणाले, “तुमच्यावर कोणी आरोप केलेला नाही, साहेब.” मी म्हणालो, तरी लिहा.

ग्यानीराम म्हणतात, पोरगी मिळाली, आता बभ्रा नको. ते बाहेर चहाला गेले तेव्हा मी खाटेपासून अंतर ठेवून उभा राहिलो.  तीच म्हणाली,

“तुमी साऱ्याइले इचारलं, सर. मले नाई इचारलं.”

मी म्हणालो, “होय.”

मग मी म्हणालो, “आता विचारतो. तुम्हाला काय करायचे आहे?”

“मले बोलाचं होतं. साऱ्या गावासमोर.” ती खिडकीकडे पाहत होती. “आता पोलिसासमोर बोलतो. बाबाले बाहेर बसवा.”

महिला हवालदार आल्या. मी ग्यानीरामांसोबत बाहेर बसलो. दार बंद होते आणि आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. तो दीर्घकाळ थांबला नाही. ग्यानीराम बांगड्यांची पुडी उघडत आणि बांधत राहिले.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

नंदलाल पाटलांना अटक झाली होती. जामिनावर परत आले. स्वागताला माणसे गेली होती, असे उमेंद्र सांगतो. त्याने स्वतः गाव सोडले. तिलकच्या खोलीवर राहतो आहे. तिलक म्हणाला, “अंकल, राधा मेरे पास सेफ है,” आणि या वेळी कोणी हसले नाही.

प्रा. बिसेन यांना मी पदविका सोडत असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, “कापगते सर, चूक झाली ती तुम्ही सोडून गेल्यावर कोणाच्या उपयोगाची?” मी विचार करतो आहे. रविता आज वडिलांसोबत माहेरी गेली. साक्षीसाठी बोलावतील तेव्हा येणार, असे तिने जाताना स्वतः सांगितले.

२ डिसेंबर, रविवार. खैरबोडी.

ग्रामपंचायतीने ठराव केला की समाजमंदिराचे सभागृह यापुढे केवळ धार्मिक व शासकीय कार्यक्रमांस मिळेल. आमचे सामान हलवण्यास गेलो. सतरंज्या झाडण्यासाठी शांतीबाई एकट्याच आल्या. बाकीच्या सात बायकांपैकी कोणी आले नाही. वाटेत एकजण भेटली, तिने पदर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, “शांतीबाईले सांभाळा.”

शांतीबाईंच्या परसातील तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गंजी परवा जळाली. जमीन अजून काळी आहे.

“बिडीनं लागली म्हनून राहिले सारे,” त्या म्हणाल्या. “माह्या घरी बिडी कोन ओढते?”

मी म्हणालो, “फुलचूरला चला. माझे घर मोठे आहे. पुष्पांजलीची खोली रिकामी आहे.”

“अन् हे घर?”

“साक्ष होईपर्यंत तरी.”

“मी गेली तं म्हनतीन, खोटी होती म्हनून पळाली.” त्यांनी सतरंजी घडी केली. “मी कायले जाऊ, सर? ज्याले जाचं हाय त्यानं जावं.”

समोरच्या ओट्यावर नंदलाल पाटील बसले होते. मला पाहून नेहमीच्या विनयाने उठले. “सर, चहा घेऊन जा. अन् शांतीची काळजी नका करू. आमी हाओत ना शेजारी.” शांतीबाईंनी पदर ओढला नाही. त्यांच्याकडे सरळ पाहत उभ्या राहिल्या. मग आपल्या घराकडे चालत गेल्या. त्यांच्या आणि पाटलांच्या घरामध्ये केवळ एक कुडाची भिंत आहे.

मी येत्या रविवारी शांतीबाईंकडे येणार आहे. त्या पुढच्या रविवारीही. हे मी पाटलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

सभागृहाच्या दाराला कुलूप लावले. किल्ल्या पाटलांना न देता मी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांच्या हाती परत केल्या.